२३ आठवडे ४ दिवस : ‘पिशवीचं मशीन’ मागणारं कुटुंब आणि एनआयसीयूचं उत्तर

हे प्रकरण नवजात विभागातल्या डॉक्टर-परिचारिकांसाठी आणि तालुक्याच्या ठिकाणी बाळंतपणं करणाऱ्यांसाठी रचलेलं आहे. यातलं कुटुंब कुणा एकाचं नाही. पुण्याच्या उत्तरेकडून अशा बायका ज्या अवस्थेत येतात, त्याचा हा नमुना आहे. डोस, मापं आणि ‘पिशवीच्या मशीन’बद्दलची, म्हणजे कृत्रिम गर्भाशयाबद्दलची माहिती मात्र खरी.

आई आली ती अवस्था

वय २६, राहणार जुन्नर तालुका. दुसरं गरोदरपण. पहिलं १९व्या आठवड्यात, फारशा कळा न येता संपलेलं. या वेळी पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी झालेली होती, म्हणून दिवसांचा हिशेब पक्का : २३ आठवडे ४ दिवस. ती सोनोग्राफी नसती तर पुढची निम्मी चर्चा हवेत झाली असती. नुसत्या पाळीच्या तारखेवर आठवड्याची चूक सहज होते, आणि बाळाच्या दृष्टीने २३ आणि २४ यांत फार मोठं अंतर आहे.

सोमवारी दुपारी ओटीपोट जड झालं म्हणून नारायणगावला दाखवलं. गर्भपिशवीचं तोंड ३ सेंटिमीटर उघडलेलं, पाणमोट योनीत उतरलेली पण फुटलेली नाही, दहा मिनिटांत एक-दोन कळा. ताप नाही, नाडी ९२, पांढऱ्या पेशी १३,८००. तिथल्या डॉक्टरांनी एकदाच, स्पेक्युलम घालून पाहिलं आणि बोटांनी पुन्हा पुन्हा तपासणं टाळलं. उघड्या पाणमोटीला प्रत्येक तपासणीत जंतूंची वाट मोकळी होते.

त्यांनी आणखी तीन गोष्टी केल्या आणि या प्रकरणातला सगळ्यात मोठा फायदा तिथेच झाला. दुपारी साडेचारला डेक्सामेथासोन, म्हणजे बाळाची फुप्फुसं पिकवणारं स्टिरॉइड, ६ मिलिग्रॅम स्नायूत दिलं. कळा मंदावायला निफेडिपिन सुरू केलं. आणि गाडी सुटण्याआधी पुण्याच्या एनआयसीयूला (नवजात अतिदक्षता विभागाला) फोन करून खाट आणि व्हेंटिलेटर रिकामं आहे का, हे विचारलं. स्टिरॉइडबद्दलच्या सरकारी मार्गदर्शक सूचना २४ ते ३४ आठवड्यांसाठी आहेत. इथे तीन दिवस कमी होते. पण बाळ जन्मल्यावर त्याला वाचवण्याचा प्रयत्न करायचा असेल तर तीन दिवसांसाठी इंजेक्शन अडवून ठेवण्यात अर्थ नसतो. फोनवर तेच ठरलं. पहिला डोस पुण्यात पोचल्यावर द्यायचा ठरवला असता तर चार-पाच तास सरळ गेले असते.

बाळंतपण नारायणगावात उरकून बाळ पुण्याला पाठवावं, असं एका नातेवाइकाचं म्हणणं होतं. या वयाच्या बाळासाठी आईच्या गर्भाशयात राहून केलेला प्रवास हाच सुरक्षित प्रवास. ६०० ग्रॅमचं बाळ नाशिक रस्त्याने आणायचं म्हणजे चाकणला संध्याकाळच्या शिफ्टच्या गर्दीत थांबायचं, खड्ड्यांत नळी हलायची आणि अंग गार पडायचं. १०८च्या गाडीत आईला डाव्या कुशीवर ठेवलं, सोबत परिचारिका, आणि वाटेत प्रसूती झालीच तर लागणारा संच : नाळेचे चिमटे, सर्वांत लहान मास्क, लहान पॉलिथिन पिशवी, टोपी.

प्रश्न

रात्री साडेआठला लेबर रूमच्या बाहेर दिराने मोबाइल पुढे केला. पारदर्शक पिशवीत पोहणारं कोकरू.

“मॅडम, पैशाचं आम्ही बघतो. फक्त हे पिशवीचं मशीन पुण्यात कुठल्या हॉस्पिटलात हाय, तेवढं सांगा.”

सासूबाई मध्येच म्हणाल्या, “सहाव्या महिन्याचं कुठं राहतं का? उगा पोरीचे हाल.”

दोघांनाही उत्तर देणं भाग होतं. ‘ते आपल्याकडे नाही’ एवढं बोलून विषय संपवायचा मोह होतो. तसं केलं की दुसऱ्या दिवशी तेच कुटुंब मुंबईला फोन लावत बसतं आणि इथल्या निर्णयांकडे त्यांचं लक्ष राहत नाही. म्हणून ते यंत्र या आईच्या शेजारच्या खोलीत आज तयार असतं तर काय करावं लागलं असतं, हे पायरीपायरीने सांगितलेलं बरं.

ते यंत्र नेमकं काय आहे

व्हिडिओतला प्रयोग फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातला. एमिली पार्ट्रिज, मार्कस डेव्ही, अॅलन फ्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१७ साली प्रसिद्ध केला. १०५ ते १२० दिवसांची कोकरं, म्हणजे फुप्फुसांच्या वाढीने माणसाच्या साधारण २३-२४ आठवड्यांच्या बाळासारखी, पिशवीत चार आठवड्यांपर्यंत ठेवली. भाग मुख्यतः तीन. नाळेच्या रक्तवाहिन्यांत घातलेल्या नळ्या, वारेचं काम करणारा ऑक्सिजनेटर, आणि बंद पिशवीत सतत बदललं जाणारं कृत्रिम गर्भजल. पंप नाही. रक्त ढकलायचं काम बाळाचं हृदयच करतं.

सुरुवातीच्या नमुन्यांत पिशवीऐवजी उघडं टब होतं आणि त्यात जंतुसंसर्ग होत राहिला. बंद पिशवी आली ती त्यासाठी. गर्भजल साठलेलं ठेवून चालत नाही, ते वाहतं लागतं. या यंत्रणेसाठी दिवसाला ३०० गॅलनपर्यंत, म्हणजे अकराशे लिटरच्या आसपास द्रव लागतो असं सांगितलं गेलं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीपेक्षा जास्त, तेही निर्जंतुक, क्षारांचं प्रमाण सांभाळलेलं आणि अंगाच्या तापमानाचं, रोज. व्हिडिओ पाहून कुणी या भागाबद्दल विचारत नाही.

दुसरे गटही आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि जपानच्या तोहोकू विद्यापीठाच्या गटाने २०१९ साली ९५ दिवसांची, ६००-७०० ग्रॅमची कोकरं १२० तास सांभाळली. वजनाच्या दृष्टीने आपल्या बाळाच्या जवळ जाणारा प्रयोग हाच. मिशिगनच्या गटाची वाट निराळी : बाळ जन्मल्यावर मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, पंपाने ऑक्सिजनेटरमधून फिरवून नाळेच्या शिरेने परत द्यायचं आणि फुप्फुसं द्रवाने भरलेली ठेवायची.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये, १९ आणि २० तारखेला, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या बालरोग सल्लागार समितीने पहिली मानवी चाचणी झालीच तर ती कशी असावी यावर चर्चा केली. तोवरचा सगळा अनुभव प्राण्यांवरचा होता. भारतात असं उपकरण माणसावर वापरून पाहायचं तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. म्हणून कुणी पैसे घेऊन ‘बाहेरून व्यवस्था करतो’ म्हणालं तर ती फसवणूक समजायची. दिराला हे स्पष्ट शब्दांत सांगितलं.

ते शेजारच्या खोलीत असतं तर

पहिली अडचण जंतुसंसर्गाची. पाणमोट काही तास योनीत उघडी होती. ताप नाही आणि पेशी थोड्याच वाढलेल्या (गरोदरपणात तेवढ्या एरवीही असतात, आणि स्टिरॉइडनंतर तर वाढतातच), पण आतल्या आवरणांना सूज नाही याची खात्री देता येत नाही. इतक्या लवकरच्या प्रसूतींमागे संसर्ग हे मोठं कारण आहे. जंतू घेऊन आलेलं बाळ कोमट द्रवाच्या बंद पिशवीत ठेवलं तर तो द्रवच जंतूंचं खाद्य होईल. यंत्राची ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांतली बरीच बाळं इथेच गळतात.

दुसरी अडचण आईची. पिशवीत जाणाऱ्या बाळाला योनीमार्गे जन्मू देता येत नाही. ते बाहेर येतानाच नाळेत नळ्या घालायच्या, म्हणजे सिझेरियन. २३व्या आठवड्यात गर्भाशयाचा खालचा भाग तयार झालेला नसतो, त्यामुळे छेद बहुधा वरच्या जाड स्नायूत, उभा द्यावा लागतो. असा व्रण पुढच्या गरोदरपणात कळांआधीही फाटू शकतो. त्यामुळे पुढचं प्रत्येक बाळंतपण सिझेरियनने, तेही दिवस पूर्ण भरायच्या आत. २६ वर्षांच्या, अजून एकही मूल हाती नसलेल्या बाईने हे जन्मभरासाठी स्वीकारायचं, आणि ते ज्या यंत्राने एकही मानवी बाळ वाढवलेलं नाही त्यासाठी.

तिसरी अडचण नाळेची. २३-२४ आठवड्यांच्या नाळेतली धमनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. हात लागला, गार हवा लागली, ऑक्सिजन वाढला की ती आकसते. निसर्गाने तिला त्यासाठीच बनवलं आहे, जन्मानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून. कोकरांत कोमट सलाइन आणि वरून पापावेरीन (वाहिन्या सैल करणारं औषध) लावून हे आकसणं कमी केलं. शिवाय कोकराच्या नाळेत दोन धमन्या आणि दोन शिरा, माणसाच्या नाळेत शीर एकच. ती हुकली की दुसरी संधी नाही.

चौथी अडचण नुसत्या गणिताची आहे. ती या विषयातली सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट, म्हणून थोडं थांबून पाहू. बाळ ६१० ग्रॅमचं धरा. त्याच्या अंगात रक्त ५०-६० मिली. बाजारात मिळणाऱ्या, नवजात बाळांसाठीच्या छोट्या ऑक्सिजनेटरमध्येही भरण्यापुरतं रक्त ३८ मिली लागतं, नळ्यांचं निराळं. म्हणजे यंत्र जोडताना बाळाच्या एकूण रक्ताच्या जवळपास तितकंच दात्याचं रक्त त्याच्यात मिसळणार. गर्भाचं हिमोग्लोबिन कमी दाबाला ऑक्सिजन धरून ठेवायला बनलेलं असतं, मोठ्या माणसाचं तसं नसतं. पोटात असताना नाळेतून मिनिटाला किलोमागे शंभर मिलीच्या वर रक्त जातं. या बाळासाठी ते मिनिटाला ६०-७० मिली होतं, आणि ते ढकलायला सरासरी रक्तदाब पाऱ्याचा २४-२५ मिलिमीटर. या वयात सरासरी दाबाचा आकडा साधारण आठवड्यांच्या आकड्याएवढाच असतो, हा एनआयसीयूतला रोजचा ठोकताळा. आता नळीचा व्यास निम्मा झाला तर रोध सोळापट होतो. नळी थोडी वाकली, बाळाने पाय मारला, ऑक्सिजनेटरमध्ये बारीक गुठळी झाली, तर तो भार थेट हृदयावर. टोरांटोच्या गटाने आकाराने माणसाच्या गर्भाजवळ जाणाऱ्या डुकराच्या पिल्लांवर हे करून पाहिलं, तेव्हा हृदयाला तो भार पेलला नाही आणि अंगावर सूज आली. पंप लावला तर हा प्रश्न सुटतो, पण पंप रक्त खेचायला लागला की एवढ्याशा शिरेच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि प्रवाहच थांबतो.

पाचवी अडचण हेपारिनची. शरीराबाहेरच्या पृष्ठभागावरून रक्त फिरवायचं तर ते गोठू न देणारं औषध लागतं. २३ आठवड्यांच्या मेंदूत, पोकळ्यांच्या कडेला, नाजूक वाहिन्यांचा एक थर असतो. तो साध्या रक्तदाबाच्या चढउतारानेही फुटतो, आणि हे रक्तस्राव बहुतेक पहिल्या ७२ तासांत होतात. याच भीतीने एक्मो (रक्त अंगाबाहेर फिरवून त्याला ऑक्सिजन देणारं) यंत्र एरवी ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा २ किलोखालच्या बाळांना लावत नाहीत. कोकराच्या मेंदूतला हा थर त्या वयात बराच पक्व झालेला असतो. म्हणून ‘कोकरांत रक्तस्राव झाला नाही’ या वाक्यावर माणसाच्या बाळाबाबत भिस्त ठेवता येत नाही.

आणि बाळाने एकदा श्वास घेतला की फिलाडेल्फियाच्या पद्धतीची वाट बंद होते. फुप्फुसांत हवा शिरते, त्यातलं पाणी शोषलं जातं, नाळेच्या वाहिन्या मिटतात. मिशिगनची पद्धत जन्मानंतरही सुरू करता येण्यासारखी आहे, पण हेपारिन आणि पंप तिलाही चुकलेले नाहीत. कुटुंबाला सांगायचं ते हे : बाळ अत्यवस्थ झाल्यावर ‘शेवटचा उपाय’ म्हणून हे यंत्र येत नाही. त्याचा निर्णय प्रसूतीआधी, बाळ पोटात ठीक असताना, आईच्या पोटावर छेद देऊन घ्यावा लागतो.

इथे एक गोष्ट आडवाटेची. पारदर्शक पिशवीतलं बाळ जन्मलेलं की न जन्मलेलं? जन्मलेलं असेल तर जन्मदाखला आणि बाळाचे हक्क आले. गर्भ असेल तर १९९४च्या लिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली त्याचं लिंग आईबापांना सांगणं गुन्हा, आणि इथे तर ते डोळ्यांनी दिसणार. आपले कायदे लिहिले गेले तेव्हा हा मधला प्रकार कुणाच्या मनात नव्हता.

मग काय ठरलं

सासूबाईंच्या प्रश्नालाही आकड्यांनीच उत्तर दिलं. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांच्या जाळ्यात २०१३ ते २०१८ या काळात, २३व्या आठवड्यात जन्मलेल्या आणि पूर्ण उपचार दिलेल्या बाळांपैकी ५५.८ टक्के वाचली. २२व्या आठवड्यातली ३० टक्के. हे तिथले आकडे. समुपदेशनात ते सांगावेत, पण त्यांच्याआधी आपल्या युनिटचे गेल्या काही वर्षांचे आकडे सांगावेत, कमी असले तरी. वाचलेल्यांपैकी कितींना मेंदूचा, डोळ्यांचा, श्वासाचा त्रास राहतो हेही त्याच दमात सांगावं. पूर्ण उपचार न करता बाळाला आईजवळ उबेत ठेवणं हा पर्याय या वयात वैध आहे, आणि तो निवडणारे आईबाप कमी प्रेमाचे नसतात.

आईचं उत्तर होतं, “करा. पण लईच हाल व्हायला लागले तर मला आधी सांगा.” हे वाक्य तसंच्या तसं केसपेपरवर लिहून ठेवलं. पुढे मेंदूच्या सोनोग्राफीच्या वेळी त्याचा उपयोग झाला.

गर्भपिशवीला तातडीचा टाका का घातला नाही, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. कळा चालू, तोंड ३ सेंटिमीटर, संसर्गाची शंका. अशात टाका घातला तर पाणमोट फुटण्याची आणि संसर्ग आत कोंडण्याची भीती जास्त.

डेक्सामेथासोनचे चारही डोस बारा-बारा तासांनी पूर्ण झाले, शेवटचा बुधवारी पहाटे साडेचारला. पाचच्या सुमारास कळा वाढल्या तेव्हा निफेडिपिन बंद करून मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं : ४ ग्रॅम शिरेतून २० मिनिटांत, मग तासाला १ ग्रॅम. हे बाळाच्या मेंदूसाठी असतं, कळा थांबवण्यासाठी नाही. दर तासाला गुडघ्याचा झटका, श्वासाचा वेग आणि लघवी तपासायची; मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी.

पहिला तास

बुधवारी सकाळी साडेनऊला, २३ आठवडे ६ दिवसांना, मुलगी झाली. ६१० ग्रॅम. योनीमार्गे, म्हणजे आईच्या गर्भाशयावर छेद नाही.

नाळ ४५ सेकंद थांबून चिमटली. तेवढ्यात बाळाला न पुसता गळ्यापर्यंत पॉलिथिन पिशवीत घातलं, वर टोपी. टी-पीसवर (मास्कने श्वास देण्याच्या साधनावर) पाण्याच्या ५ सेंटिमीटरचा पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुस उघडं ठेवणारा दाब, आणि ३० टक्के ऑक्सिजन. ठोके ८० होते, मास्कने श्वास दिल्यावर दीड मिनिटात १२० झाले. पाचव्या मिनिटाला ऑक्सिजनची पातळी ८० ते ८५ टक्के हवी, त्याहून घाई नको. श्वासाचा जोर टिकेना म्हणून २.५ क्रमांकाची नळी ओठाशी ५.५ सेंटिमीटरवर बसवली आणि पोरॅक्टंट सरफॅक्टंट (फुप्फुस मिटू न देणारं औषध) दिलं. किलोला २०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने १२२ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास १.५ मिलीची एक छोटी कुपी पूर्ण.

चुकलं ते तापमान. लेबर रूम २५-२६ अंशांवर हवी होती. वातानुकूलन मध्यवर्ती, ते वाढवायला दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला फोन करावा लागतो आणि तो फोन प्रसूतीच्या दहा मिनिटं आधी झाला. खोली २३ अंशांपर्यंतच चढली. एनआयसीयूत पोचल्यावर बाळाचं तापमान ३६.२ भरलं, हवं होतं ३६.५ ते ३७.५. आकडा छोटा वाटतो, पण गार पडलेल्या बाळांत रक्तस्राव आणि मृत्यू दोन्ही वाढतात. आता तो फोन यादीत मॅग्नेशियमच्या ओळीला जोडलेला आहे : मॅग्नेशियम सुरू झालं की एसीच्या माणसाला कळवायचं.

पुढचे दिवस

व्हेंटिलेटरवर प्रत्येक श्वास किलोला ४-५ मिली, म्हणजे या बाळाला अडीच-तीन मिली. त्याहून मोठा श्वास फुप्फुस फाडतो, लहान श्वासाने ते मिटतं. ऑक्सिजनची पातळी ९० ते ९४. श्वास चालू राहावा म्हणून कॅफिन सायट्रेट १२ मिलिग्रॅम सुरुवातीला, नंतर रोज ३ ते ६. पहिले ७२ तास डोकं मध्यरेषेत, मान न वळवता. डायपर बदलताना पाय वर उचलायचे नाहीत, कारण तेवढ्यानेही डोक्यातला दाब वाढतो. नळी पुन्हा पुन्हा खालीवर होते त्याचं कारण मानच असते. हनुवटी खाली झुकली की नळी आत सरकते आणि उजव्या फुप्फुसात शिरते, मान मागे गेली की बाहेर येते. त्यामुळे एक्स-रे काढताना मान कशी होती हे फिल्मवर लिहिल्याशिवाय नळी हलवू नये.

रक्ततपासणीचा हात आखडता. अंगात साधारण ५२ मिली रक्त, म्हणजे १ मिलीचा नमुना घेतला की दोन टक्के गेलं.

दुसऱ्या दिवशी सोडियम १५३ आलं, वजन १३ टक्क्यांनी घटलं. औषधात चूक नव्हती. इनक्युबेटरची आर्द्रता ८५ टक्के लावलेली होती, पण रात्री पाण्याचं भांडं रिकामं झालं आणि अलार्म कुणीतरी ‘खिडकी उघडल्यामुळे वाजतोय’ समजून बंद केला. या वयाच्या त्वचेला वरचा कोरडा थर जवळजवळ नसतो, पाणी अंगातून सरळ उडून जातं. द्रव किलोला ९० वरून १३० मिली केला, आर्द्रता पूर्ववत केली, सोडियम दोन दिवसांत हळूहळू उतरवलं. एकदम उतरवलं तर मेंदूला सूज येते. त्याच त्वचेमुळे स्पिरिटयुक्त क्लोरहेक्सिडिन पोटावर साचू द्यायचं नाही, भाजल्यासारखं होतं. चिकटपट्टीखाली हायड्रोकोलॉइडचा तुकडा, नाहीतर पट्टीबरोबर कातडी निघते.

तिसऱ्या दिवशी मेंदूच्या सोनोग्राफीत डाव्या बाजूला दुसऱ्या श्रेणीचा रक्तस्राव दिसला. हेपारिनचा थेंबही दिलेला नसताना. दिराला बोलावून पडद्यावर ती जागा दाखवली. कृत्रिम गर्भाशयाची पाचवी अडचण आता वेगळी समजवावी लागली नाही. आईला मात्र तिच्या वाक्याची आठवण ठेवून सगळ्यांच्या आधी, एकटीला सांगितलं. या श्रेणीत पोकळ्या ताणलेल्या नसतात, पुढच्या सोनोग्राफ्या पाहून ठरवता येतं. उपचार चालू ठेवायचे असं तिनेच ठरवलं.

दुधाचं काम पहिल्या सहा तासांत सुरू झालं. चीक ०.१ मिली प्रत्येक गालात, दर तीन तासांनी. दुसऱ्या दिवसापासून नळीने अर्धा मिली दर दोन तासांनी, मग हळूहळू वाढ. पहिल्या आठवड्यात आईचं दूध कमी पडलं तेव्हा मातृदुग्ध पेढीचं पाश्चराइज केलेलं दूध वापरलं. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ साली मुंबईत सायन रुग्णालयात सुरू झाली. पुण्यात ससूनमध्ये आहे. पावडरच्या दुधापेक्षा आतडं सडण्याचा धोका यात कमी. त्यासाठी धावपळ करायला दीर होताच.

१६व्या दिवशी श्वास थांबायला लागला, साखर १९०, प्लेटलेट घसरले. मध्यवर्ती लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत ठेवलेल्या नळीतून, आलेला क्लेब्सिएला हा जंतू. आपल्या एनआयसीयूंत हा जुना शत्रू आहे, आणि औषधांना न जुमानणारा. लाइन काढली, कल्चर आल्यावर प्रतिजैविक बदललं. लाइनच्या तोंडाला हात लावण्याआधी ते १५ सेकंद घासायचं, ही पाटी भिंतीवर होतीच. घासताना सेकंद मोजणारं कुणी नव्हतं.

२४व्या दिवशीही व्हेंटिलेटर सुटेना म्हणून कमी मात्रेचं डेक्सामेथासोन, दहा दिवसांत मिळून किलोला ०.८९ मिलिग्रॅम. चौथ्या दिवशी नळी निघाली. नंतर कांगारू पद्धतीने आईच्या आणि बापाच्या छातीवर. गरोदरपणापासून मोजलेल्या वयाच्या ३६ आठवड्यांना थोडा ऑक्सिजन लागत होता, म्हणजे फुप्फुसाचा दीर्घ आजार नोंदवावा लागला. डोळ्यांची पहिली तपासणी तिसऱ्या आठवड्यात केली होती. ३५व्या आठवड्याच्या सुमारास पडद्यावरच्या वाहिन्या वाढलेल्या दिसल्या आणि ४८ तासांत लेझर झालं. ही तपासणी चुकली तर बाकीचं सगळं सुधारूनही मूल आंधळं राहतं.

१०१व्या दिवशी, ३८ आठवडे २ दिवसांना, २,१४० ग्रॅम वजनाने, ऑक्सिजनशिवाय घरी.

घरी पाठवताना

बाळाचा पाठपुरावा निदान दुरुस्त वयाच्या (बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयाच्या) दोन वर्षांपर्यंत, शक्य तर शाळेपर्यंत. पुण्यात याची परंपरा आहे. केईएम रुग्णालयात १९८७ ते ८९ मध्ये दोन किलोखाली जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा थेट अठराव्या वर्षापर्यंत केला गेला, आणि अडचणी पाळण्यात नव्हे तर वर्गात बसल्यावर दिसतात हे त्यातून कळलं. या बाळासाठी श्रवणचाचणी, डोळे, डोक्याचा घेर आणि हालचाली यांच्या तारखा नारायणगावच्या डॉक्टरांना पाठवल्या. लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, दुरुस्त वयाप्रमाणे नाही. गावात हा घोळ नेहमी होतो.

आईचा कागद वेगळा, कारण तो बाळाच्या फाइलीत हरवतो. दोन्ही गरोदरपणं दुसऱ्या तिमाहीत, पिशवीचं तोंड उघडून संपलेली. गर्भाशयावर व्रण नाही, त्यामुळे पुढच्या वेळी साधं बाळंतपण शक्य आहे. पाळी चुकताच यायचं, सोनोग्राफीने दिवस पक्के करायचे, १२ ते १४ आठवड्यांत पिशवीच्या तोंडाला टाका. टाका ३६ ते ३७ आठवड्यांत काढायचा. त्याआधी कळा सुरू झाल्या किंवा पाणमोट फुटली तर वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात जायचं आणि टाका आहे हे आधी सांगायचं, नाहीतर कळांच्या जोराने पिशवीचं तोंड फाटतं.